जुना डिस्कलाव्हियर: हळू सूर गायब, मोठे सूर ठोकल्यासारखे. सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जपानहून आलेला जुना, फ्लॉपीवर चालणारा यामाहा डिस्कलाव्हियर ग्रँड, म्हणजे वाजवलेलं नोंदवून स्वतःच परत वाजवणारा आडवा पियानो. स्वतः वाजवून रेकॉर्ड केलेलं परत लावलं की हळुवार सूर मधूनच गळतात, जोरातले सूर ठोकल्यासारखे येतात आणि दोन-तीन पट्ट्या कशाही दाबल्या तरी एकाच जोरात उमटतात. मग रेकॉर्डिंग कॅलिब्रेट करायचं (मोजून जुळवायचं) की प्लेबॅक?

दोन्ही करायचं, पण वेगवेगळं. आणि त्या दोन्हीच्या आधी खुद्द पियानो. बहुतेकांची चूक इथेच होते: पियानोवर रेकॉर्ड करायचं, त्याच पियानोवर लावून ऐकायचं आणि कानाला बरं वाटेपर्यंत सेटिंग हलवत राहायचं. या पद्धतीत चूक कुठल्या बाजूची आहे ते कधीच कळत नाही. समजा, एका पट्टीचा सेन्सर व्हेलॉसिटी (सुराच्या जोराचा आकडा) १० ने कमी नोंदवतोय आणि तिचाच सोलेनॉइड (पट्टी ढकलणारा विजेवरचा चुंबकी दांडा) तेवढ्याच प्रमाणात जास्त मारतोय. त्या पियानोवर सगळं छान ऐकू येईल. बाहेरची फाइल लावली की ती पट्टी किंचाळेल, आणि तुमचं रेकॉर्डिंग दुसरीकडे लावलं की तीच पट्टी मुकी वाटेल. म्हणून मध्ये तिसरा साक्षीदार हवा. तो म्हणजे संगणक. मिडी आउटमधून (मिडी म्हणजे वाजवलेले सूर आकड्यांत पाठवायची पद्धत) पाच पिनांची केबल काढा, साधा यूएसबी-मिडी इंटरफेस लावा आणि प्रत्येक सुराची व्हेलॉसिटी आकड्यात यादी करून दाखवणारं कुठलंही फुकटचं सीक्वेन्सर सॉफ्टवेअर उघडा. रेकॉर्डिंगची बाजू फक्त या आकड्यांवर तपासायची. प्लेबॅकची बाजू फक्त संगणकात आकडे घालून बनवलेल्या फाइलवर तपासायची. दोन्ही सुटेसुटे बरोबर आले की मगच त्यांची गाठ घालायची.

आधी वीज बघा. ही गोष्ट इतकी साधी आहे की कुणी बघतच नाही. जपानी बाजारासाठी बनलेला पियानो १०० व्होल्टचा असतो. आपल्याकडे तो २३० वरून उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर चालतो, आणि तो ट्रान्सफॉर्मर बहुधा कुठल्यातरी छोट्या उपकरणाचा उचलून लावलेला असतो. पियानोच्या पाटीवर जितके वॅट लिहिले असतील त्याच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्या. अर्थिंग हवंच. मग दोन्ही हातांच्या दहा सुरांचा जोरदार कॉर्ड फाइलमधून पुन्हापुन्हा वाजवा आणि ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरचा व्होल्टेज मीटरवर बघा. १०० चा आकडा ९२-९३ पर्यंत बसत असेल, तर पुढचं सगळं कॅलिब्रेशन वाळूवर बांधणं आहे. व्होल्टेज स्थिर आहे, एकेकटा सूर खणखणीत येतो आणि कॉर्ड मात्र मवाळ पडतो, असं दिसलं तर पियानोच्या आतल्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर थकलेत असं समजा. पंचवीस-तीस वर्षांनंतर ते व्हायचंच. हे काम इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाकडे द्या. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असतो, त्यामुळे लगेच हात घालू नका.

दुसरी गोष्ट हवा. पियानोला साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. मुंबईत किंवा कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला पावसाळ्यात ८० च्या वर जाते. लाकूड आणि फेल्ट फुगतं, पट्टीच्या बुशिंगचं (पिन ज्यातून जाते त्या भोकाचं) फेल्ट पिनेला आवळतं, हॅमरच्या (तारेवर आपटणाऱ्या हातोडीच्या) सांध्यातली सेंटर पिन जड होते. सोलेनॉइडला मात्र हे माहीत नसतं. तो कालचाच धक्का देतो आणि हॅमर तारेपर्यंत पोचत नाही. हळू सूर गळण्याचं आपल्याकडचं एक मोठं कारण हे आहे. खोलीत आधी आठ-दहा दिवस डिह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड चालवा, मग कामाला लागा. पियानोत टाकलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांनी खोलीची हवा बदलत नाही.

घर्षण मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. दहा रुपयांचं दुरंगी नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं, सातांची चळत म्हणजे ५४ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकदा खात्री करून घ्या. उजवा पेडल दाबून धरा, म्हणजे डॅम्परचं (तार गप्प करणाऱ्या गादीचं) वजन मोजमापात येणार नाही. मग पट्टीच्या पुढच्या टोकाशी नाणी ठेवत जा. ज्या वजनाला पट्टी हळूच खाली जाते ते उतरतं वजन, साधारण ५० ग्रॅम. खाली गेलेली पट्टी जेवढं वजन पेलून परत वर येते ते चढतं वजन, साधारण २० ते २५. दोहोंच्या फरकाचा निम्मा म्हणजे घर्षण. ५० आणि २४ आले तर १३ ग्रॅम, म्हणजे निरोगी पट्टी. २० च्या वर गेलं तर ती पट्टी आधी सैल करा. बुशिंग दाबायची पक्कड वापरा, तेल किंवा डब्ल्यूडी-४० नाही. तेलाने फेल्ट फुगतं, लाकडात ते मुरतं आणि सेन्सरवर त्याची वाफ बसते.

मग रेग्युलेशन, म्हणजे पट्टी आणि हॅमरच्या हालचालींची अंतरं जुळवणं. ग्रँडचे ढोबळ आकडे असे: पट्टीची खोली १० मिमी, विश्रांतीत हॅमर तारेपासून ४५ ते ४७ मिमी, लेट-ऑफ (हॅमर पट्टीच्या धक्क्यातून सुटतो तेव्हाचं तारेपासूनचं अंतर) खर्जात ३ आणि वरच्या सप्तकांत २ मिमीच्या आसपास, त्यानंतरची घसरण दीड-दोन मिमी, परतणारा हॅमर बॅक-चेकच्या गादीने पकडण्याचं तारेपासूनचं अंतर १० ते १५ मिमी. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तो खरा. महत्त्व आकड्याइतकंच सारखेपणाला आहे. एका पट्टीची खोली १० आणि शेजारणीची ९.४ असेल, तर बोटाला ते कदाचित जाणवणार नाही. पण सेन्सर पट्टीचा वेग ठरावीक जागी मोजतो आणि सोलेनॉइडही ठरावीक अंतर गृहीत धरून धक्का देतो. दोघांचंही गणित चुकतं. लेट-ऑफ जास्त झाला, तीनचा पाच मिमी, तर हळू सुराला शेवटचा प्रवास केवळ गतीवर करावा लागतो आणि तो वाटेतच मरतो. तुमच्या गळणाऱ्या सुरांपैकी बरेच इथेच परत येतील, एकही इलेक्ट्रॉनिक सेटिंग न हलवता.

आता रेकॉर्डिंग. पट्टीखाली (काही मॉडेलांत हॅमरच्या दांड्याजवळही) एक छोटा पडदा असतो. तो प्रकाशाच्या किरणातून जाताना दोन बिंदूंमधला वेळ मोजला जातो आणि त्यावरून १ ते १२७ मधली व्हेलॉसिटी ठरते. पट्टी कशीही दाबली तरी एकच आकडा येत असेल तर आधी धूळ, मग वाकलेला पडदा, मग सैल कनेक्टर, या क्रमाने बघा. कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने हवा मारा, मऊ कोरडा ब्रश फिरवा. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा प्रकाशाच्या सेन्सरवर मारू नका, त्याचा थर राहतो. पट्ट्या बाहेर काढल्या तर त्यावरच्या क्रमांकांनीच परत बसवा आणि पट्टीखालच्या कागदी चकत्या जागच्या जागी राहतील याकडे लक्ष ठेवा. एक पातळ चकती इकडची तिकडे गेली तरी मघाशी जुळवलेली खोली गेली.

स्वच्छता झाली की वजनाची चाचणी. बोटाने ८८ पट्ट्या सारख्या जोरात दाबणं कुठल्याही वादकाला जमत नाही, वजनाला जमतं. वाण्याकडची १०० आणि २०० ग्रॅमची वजनं घ्या, बुडाला फेल्ट चिकटवा, दोऱ्याला बांधा. वजन पट्टीच्या पुढच्या कडेपासून ठरलेल्या अंतरावर (पांढऱ्यांसाठी १५ मिमी चालेल) नुसतं टेकेल इतकं धरा आणि दोरा सोडा. उंचीवरून आपटायचं नाही. प्रत्येक पट्टीवर १०० ग्रॅमने तीनदा, २०० ग्रॅमने तीनदा, आणि संगणकावरचे आकडे वहीत उतरवायचे. तास-दीड तास जातो. काळ्या पट्ट्यांची तुलना काळ्यांशीच करा, त्यांची तरफ आखूड असते. खर्जाचे हॅमर जड, त्यामुळे तिकडे आकडे थोडे कमी येतील आणि वर जाताना हळूहळू वाढतील. तसं यायलाच हवं. शोधायची आहे ती मध्येच आलेली उडी.

या चाचणीचा खरा उपयोग आकड्यांच्या विखुरण्यात आहे. एकाच पट्टीवर एकाच वजनाने तीनदा ४८, ६१, ५२ असं आलं, तर दोष यांत्रिक आहे: आवळलेली पट्टी, हलणारा पडदा, ढिला स्क्रू. ३८, ३९, ३८ असं आलं आणि शेजारच्या पट्ट्या ५० दाखवत असल्या, तर यंत्रणा ठीक आहे, सेन्सरचा बिंदू सरकलाय किंवा त्याच्यावर धूळ आहे. पहिल्या प्रकारावर कॅलिब्रेशन चालवलं तर मशीन चुकीचाच आकडा पक्का करून ठेवतं. दुसऱ्यावर ते लागू पडतं. कॅलिब्रेशनची आज्ञा आणि बटणांचा क्रम मॉडेलप्रमाणे बदलतो, तो सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचा, अंदाजाने नाही. आधीचे सेटिंग दिसत असतील तर फोटो काढून ठेवा.

शेवटी एक पट्टी, समजा मधला सी, अगदी पुसटपासून पूर्ण जोरापर्यंत वीस-पंचवीस वेळा वाजवा. आकडे साधारण वीसच्या आसपासून एकशे दहाच्या पुढे पसरायला हवेत. मध्यम जोरातच १२७ ला टेकत असतील, तर वरचं सगळं रेकॉर्डिंग चिरडलं जातंय.

प्लेबॅकला येऊ. इथे सोलेनॉइड पट्टीच्या मागच्या टोकाला खालून ढकलतो. संगणकात चाचणी-फाइल बनवा: ८८ सूर ओळीने, दर दोन सेकंदांनी एक, सगळे व्हेलॉसिटी २० वर. मग तसंच २५, ३०, ३५, ४०, पुढे ६० आणि ११० वर. मिडी फाइल टाइप ० ची, म्हणजे एकाच ट्रॅकची ठेवा, आणि तुमचं मॉडेल ती वाचतं का ते मॅन्युअलमध्ये बघा. जुन्या फ्लॉपी ड्राइव्हसाठी ७२० केबीची, म्हणजे २डीडी डिस्क वापरा. १.४४ एमबीच्या डिस्कच्या भोकाला चिकटपट्टी लावून ती ७२० ची करण्याची युक्ती चालते, पण भरवशाची नाही, कारण दोन्हींचा चुंबकीय थर वेगळा असतो. फ्लॉपीच्या जागी बसणारा यूएसबी एम्युलेटर लावलात तर हा त्रास कायमचा सुटतो. पियानोचा व्हॉल्यूम कमी न करता, पूर्ण ठेवूनच चाचणी घ्या. कमी केलेला व्हॉल्यूम सगळ्या व्हेलॉसिटी खाली ढकलतो आणि निरोगी सूरही गळायला लागतात. रात्री शेजाऱ्यांसाठी व्हॉल्यूम उतरवून मग सूर गळतात अशी तक्रार करणारे बरेच असतात.

आधी तळ, म्हणजे ज्या आकड्याला सगळ्यात हळू सूर वाजतो तो, बांधा. हा नियम डिस्कलाव्हियरपेक्षा खूप जुना आहे. भोकं पाडलेल्या कागदी रोलवर स्वतः वाजणाऱ्या पियानोची वेल्टे-मिन्योन ही यंत्रणा १९०४ सालची आणि ड्युओ-आर्टही त्याच घराण्यातली. तिथे हवेच्या ओढीवर सगळं चालायचं. ड्युओ-आर्टमध्ये तर पहिलं सेटिंग सगळ्यात हळू सूर जेमतेम वाजेल असं बांधतात आणि बाकीचे जोर त्यावर चढवतात. इथेही तसंच करा. प्रत्येक पट्टी कोणत्या आकड्याला पहिल्यांदा बोलते ते वहीत लिहा. सत्तर-ऐंशी पट्ट्या ३० ला बोलतात आणि सहा पट्ट्या ४० ला, तर त्या सहांसाठी अख्ख्या पियानोचा तळ ४० वर नेऊ नका. त्या सहा पट्ट्यांकडे परत जा: घर्षण, लेट-ऑफ, मग सोलेनॉइडच्या टोकाचं अंतर. टोक आणि पट्टी यांच्यात फट मिलिमीटरहून कमी असते. फट अजिबात नसेल तर पट्टी पूर्ण परत बसत नाही आणि सूर पुन्हा वाजत नाही. फट मोठी असेल तर टोक आधी हवेत धावतं, मग पट्टीला आपटतं. अशी पट्टी हळू वाजतच नाही, आणि वाजली की ठक् असा लाकडी आवाज येतो. तुम्ही ‘ठोकल्यासारखे’ म्हणताय त्यातले काही सूर या आवाजाचे असण्याची दाट शक्यता आहे. टोकावरचं फेल्ट किंवा रबर दगडासारखं झालंय का तेही बोटाने दाबून बघा.

तळाची चाचणी दोनदा घ्या, एकदा पेडल वर असताना आणि एकदा दाबलेला असताना. पेडल दाबला की डॅम्पर आधीच उचललेले असतात, पट्टीला ते ओझं नसतं, म्हणून सूर आणखी कमी आकड्यालाही बोलतात. पेडलशिवाय गळणारे आणि पेडलवर वाजणारे सूर पाहून लोक सोलेनॉइड बदलायला निघतात. दोष बऱ्याचदा डॅम्पर फार लवकर उचलला जाण्यात असतो. हॅमरने अर्धं अंतर कापल्यावर डॅम्पर उचलायला हवा.

मग मधला जोर. ६० ची फाइल लावा, मोबाइल पियानोपासून एक मीटरवर स्टँडला ठेवा, आवाजाची पातळी मोजणारं अ‍ॅप चालू करा. अ‍ॅपचे डेसिबल खरे नसतात, पण शेजारशेजारच्या सुरांमधला फरक दाखवायला पुरतात. तीन डेसिबलहून मोठी उडी दिसली तर तो सूर हाताने वाजवून बघा. हातानेही तो टोचत असेल तर हॅमरचं फेल्ट कडक झालंय, त्याला व्हॉइसिंग, म्हणजे सुयांनी टोचून मऊ करणं हवं. टोन कडक आहे म्हणून सोलेनॉइडचा जोर उतरवणं म्हणजे तिखट झालेल्या आमटीत मीठ कमी करणं.

सगळ्यात वरचा जोर गरम झाल्यावरच जुळवा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. कॉइल ४० अंशांनी तापली की रोध १६ टक्के वाढतो, त्याच व्होल्टेजला प्रवाह १४ टक्के घटतो आणि ओढ साधारण प्रवाहाच्या वर्गाने घटत असल्याने ती पाऊणच्या आसपास येते. म्हणून थंड पियानोवर बांधलेला जोर तासाभरात मंद वाटतो. वीस-पंचवीस मिनिटं कार्यक्रम वाजू द्या, मग ११० ची चाचणी घ्या आणि लगेच ३० चीही परत घ्या. एखादा सोलेनॉइड आपोआप ओढलेलाच राहिला, किंवा जळका वास आला, तर विचार करत बसू नका, प्लग काढा. बहुधा सोलेनॉइडला वीज सोडणारा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो आणि कॉइल मिनिटांत जळते.

आता गाठ घाला. एक तुकडा वाजवून रेकॉर्ड करा, त्याच वेळी संगणकावरही आकडे घ्या, मग परत लावून ऐका. रेकॉर्डिंगचे आकडे शहाणे आणि प्लेबॅकचा तळ ३० असेल, तर तुम्ही २२ वर वाजवलेला सूर गळणारच. त्यात कुणाची चूक नाही, जुन्या यंत्रणेची मर्यादा आहे. फाइल संगणकात आणून आकडे नव्याने बसवा: नवा आकडा = ३० + जुना × ०.६५. म्हणजे २२ चा ४४ होतो आणि १२७ चा ११३. तळ आणि माथा दोन्ही वाचतात. मूळ फाइल बाजूला जपून ठेवा. इथे एक खड्डा आहे. मिडीत व्हेलॉसिटी ० चा ‘नोट ऑन’ म्हणजे प्रत्यक्षात सूर बंद करण्याची सूचना असते, आणि बऱ्याच फाइली तशाच लिहिलेल्या असतात. सूत्र त्या शून्यांवरही चाललं तर प्रत्येक शून्याचा ३० होतो आणि सुटायचा तो प्रत्येक सूर नव्याने वाजतो. शून्य वगळूनच सूत्र लावा.

संगणकावरून थेट मिडी इनमध्ये वाजवत असाल तर आणखी एक फरक लक्षात घ्या. जोरातल्या सुराला पट्टी हलल्यापासून तारेपर्यंत पोचायला २५-३० मिलिसेकंद पुरतात, हळू सुराला दीडशेच्या आसपास लागतात. म्हणून डिस्कलाव्हियरमध्ये येणाऱ्या सुरांना ५०० मिलिसेकंद अडकवून, प्रत्येकाला त्याच्या जोराप्रमाणे आधी-नंतर सोडण्याची सोय आहे. ती बंद असेल तर जोर बरोबर असूनही लय लंगडते आणि कान त्याचा दोष जोरावर टाकतो.

पेडल शेवटी. पेडलच्या दांड्यात ढिलाई राहिली तर रेकॉर्डिंगमध्ये अर्ध्या पेडलचे आकडे येतात आणि वाजवताना डॅम्पर हलतच नाहीत. ढिलाई नेमकी किती हवी ते मॅन्युअलप्रमाणे ठेवा, आणि प्लेबॅकमध्ये डॅम्पर तारेवरून उठतात त्याच क्षणी संगणकावर पेडलचा आकडा किती होता ते टिपून ठेवा. ग्रँडचा डावा पेडल अख्खा कीबोर्ड बाजूला सरकवतो, म्हणून सोलेनॉइडची टोकं सरकलेल्या पट्ट्यांखालीही मधोमध येतात का, आणि कडेच्या एखाद्या पट्टीला शेजारचं टोक घासतं का, हे ३० ची फाइल डावा पेडल दाबून एकदा लावून बघा.

वहीतल्या ८८ ओळींवर तारीख आणि त्या दिवशीची आर्द्रता लिहा. जूनच्या अखेरीस फक्त ३० ची फाइल लावा आणि नव्याने गळणाऱ्या पट्ट्यांवर खूण करा. त्याच पट्ट्या ऑक्टोबरात आपोआप परतल्या तर त्यांच्या बुशिंगला हात लावा, सेटिंगला नाही.